माद्यांची भूक

माझं काम उंदरांनी काल किती खाल्लं ते मोजायचं आहे. कुणी विचारलं तर मी नुसतं ‘लॅबमध्ये आहे’ म्हणते, कारण पुढचं सांगितलं की लोक हसतात. चौक गाव सोडून जुन्या हायवेवरून डोंगराच्या बाजूला आत वळलं की औषधांवर संशोधन करणारी एक इमारत लागते. तिच्या मागच्या अंगाला पांढऱ्या उंदरांच्या खोल्या आहेत. दहिवलीहून स्कूटरने मी आठला तिथं पोचते, पायातल्या चपला बदलते, टोपी-मास्क घालते आणि पहिल्या पिंजऱ्यापासून सुरुवात करते. आदल्या दिवशी वजन करून ठेवलेल्या खाद्याच्या गोळ्यांतल्या किती उरल्या, खाली भुशात किती सांडल्या, बाटलीतलं पाणी किती उतरलं आणि उंदीर स्वतः किती भरला, हे सगळं लिहायचं. अकरा वर्षं हेच करते आहे.

पहिली सात-आठ वर्षं आमच्याकडे फक्त नर होते. मी नवीन असताना तिथल्या जुन्या साहेबांना विचारलं होतं की माद्या का नाहीत. ते म्हणाले, माद्यांचे आकडे नाचतात. आज एक खाते, उद्या दुसरंच, मग औषधाचा परिणाम कुठला आणि तिचा स्वतःचा कुठला ते कळत नाही. मला ते पटलं होतं. नरांचे आकडे खरंच सरळ असायचे. रोज जवळजवळ तेवढंच खायचे, तेवढंच प्यायचे. महिन्याची वही बघितली तर एकच ओळ पुन्हापुन्हा लिहिल्यासारखी दिसायची.

माझी ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिला चौकजवळच्या गावात दिलं. भावजींची थोडी भातशेती आणि जुन्या हायवेवर खानावळ. ट्रकवाले, गॅरेजवाले, शनिवार-रविवारी गाड्या थांबवणारे मुंबईचे लोक. भाकऱ्या ताई थापते. तांदळाची भाकरी अशी पातळ आणि गोल थापणारी बाई त्या पट्ट्यात दुसरी नाही, असं तिची सासूसुद्धा म्हणते, आणि सासू सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही. ताईच्या सासूला मी मावशी म्हणते.

चार वर्षांपूर्वी ताईला अंगावरून फार जायला लागलं. महिन्यातले बारा-बारा दिवस. चुलीपुढं उभं राहवेना. जवळच्याच एका खाजगी दवाखान्यात दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पिशवी काढून टाकायला सांगितलं. ताईचं वय तेव्हा अडतीस. तिने मला फोन केला तेव्हा मी कपडे बदलायच्या खोलीत होते.

“काढू का गं?” ती म्हणाली. “तू या लायनीत हाय म्हणून विचारते.”

मी या लायनीत नव्हते. मी नर उंदरांच्या गोळ्या मोजत होते. पण तिच्या आवाजात इतका थकवा होता, आणि आपल्याला कुणी शहाणं समजून विचारतंय याचं मला बरं वाटलं, तेही खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, “डॉक्टर सांगतात तर काढ. एकदाचा त्रास जाईल.”

दुसरं काही विचारलं नाही. काय काय काढणार, हेही नाही. आमची आई आम्ही विशीत असतानाच छातीच्या कॅन्सरने गेली होती, त्यामुळे अशा वेळी ताईला विचारायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी दोन वाक्यांत तिला मोकळं केलं.

ऑपरेशन नीट झालं. भावजींनी कागदांवर सह्या केल्या. डॉक्टर म्हणाले, सगळं साफ केलंय, आता काळजी नाही. महिन्याभराने ताई परत खानावळीत उभी राहिली. त्रास खरंच गेला होता, आणि दोन-तीन महिने ती मला फोनवर म्हणायची की बरं झालं तू सांगितलंस.

त्याच्या पुढच्या वर्षी आमच्याकडे नवीन मॅडम आल्या. पन्नाशीच्या, बारीक, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की आता माद्या आणायच्या, आणि आकडे नाचतात म्हणून नव्हे, ते का नाचतात हे बघायला. रिकामी पडलेली एक खोली धुऊन घेतली आणि तिथं माद्या आल्या. मॅडमनी मला रोज सकाळी प्रत्येक मादीची तपासणी करायला शिकवलं. ड्रॉपरने मिठाच्या पाण्याचा एक थेंब योनीमार्गात सोडायचा, हलकेच परत ओढायचा, काचेवर ठेवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. एका दिवशी गोल पेशी दिसतात, दाण्यांसारख्या. दुसऱ्या दिवशी चपट्या, वाळलेल्या पापुद्र्यांसारख्या. मग दोन्ही मिसळलेल्या, मग नुसते बारीक ठिपके, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच दिवसांत त्यांचं एक चक्र पुरं होतं. पापुद्रे दिसतात तो माजाचा दिवस.

पंधरा दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या मादीच्या काचेवर पापुद्रे दिसत, तिच्या खाद्यात नेमक्या त्या सकाळी गोळ्या उरलेल्या असत. पाणीही कमी उतरलेलं असे. धावायला चाक असलेले पिंजरे होते त्यांत मात्र चाक रात्रभर फिरलेलं. दुसऱ्या दिवशी खाणं परत जागेवर. मी मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की हेच तर बघायचं आहे.

मला ते नवीन वाटायला नको होतं. आमच्या घरी म्हैस होती तेव्हा बाबा गोठ्यातून येऊन सांगायचे, आज वैरण सोडली, माजावर आलीय. दूधही त्या दिवशी कमी. लहानपणी ताई आणि मी ते शंभरदा ऐकलं होतं. पण म्हशीचं गोठ्यात राहिलं आणि उंदराचं लॅबमध्ये, आणि मधे आपण कुठं आहोत हे मला कधी सुचलंच नाही.

पुढच्या टप्प्यात मॅडमनी काही माद्यांचे अंडाशय काढले. काहींना नुसतंच भूल देऊन पोट उघडून शिवलं, आत हात लावला नाही, तुलनेसाठी. आणि तिसऱ्या काही माद्यांचे अंडाशय काढून त्यांना अंडाशयात तयार होणारं हार्मोन बाहेरून थोडं थोडं दिलं. ऑपरेशनं मॅडम करायच्या. त्या शुद्धीवर येईपर्यंत मी त्यांना गरम गादीवर धरून बसायची.

अंडाशय काढलेल्यांच्या काचेवर मग रोज तेच दिसायला लागलं. बारीक ठिपके. दहा दिवस, पंधरा दिवस, तेच. आणि गोळ्या उरायच्या बंद झाल्या. चार दिवसांतून एकदा खाणं सोडायचा जो दिवस होता, तो त्यांना उरलाच नाही. उलट रोज थोडं जास्त. त्या सारख्या खात होत्या असं नव्हे. एकदा खायला बसल्या की लवकर उठत नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, हे हार्मोन जेवण कुठं थांबवायचं ते सांगायला मदत करतं. ते गेलं की पोट भरल्याचा निरोप उशिरा पोचतो. चाकावरही त्या कमी जायला लागल्या. आठवड्याच्या आठवड्याला माझ्या काट्यावर त्या जड होत गेल्या. हार्मोन दिलेल्या मात्र पहिल्यासारख्याच राहिल्या.

एका सकाळी मी त्यातल्या एकीला काट्यावर ठेवलं, आकडा वहीत लिहिला, आणि तशीच उभी राहिले. हातमोज्यात तिचं पोट ऊबदार लागत होतं. मला ताईचा चेहरा आठवला. आदल्या रविवारी मी गेले तेव्हा ती दारात आली होती आणि तिने ब्लाउजच्या बाह्या उसवून मोठ्या केलेल्या होत्या.

कारण तोपर्यंत ताई वाढली होती. वर्षा-दीड वर्षात तिचं सगळं अंग भरलं होतं. अंगाला मधेच घाम सुटायचा, झोप लागायची नाही, आणि भूक. ती मला म्हणायची, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतं. खानावळीत काम, म्हणजे दिवसभर अन्नाच्या शेजारी उभं राहायचं. मावशींनी आधी टोमणे मारले, मग तिच्या ताटात भाकऱ्या मोजून ठेवायला सुरुवात केली. दुपारी दीड भाकरी, संध्याकाळी एक. त्यांचा हेतू वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. त्या म्हणायच्या की गुडघे गेले तर ही बसेल घरात, मग कोण बघणार.

काट्यावरच्या त्या सकाळनंतरच्या रविवारी मी तिच्याकडे गेले. गिऱ्हाईक कमी होतं. मी आत स्वयंपाकाच्या खोलीत गेले तर ताई दाराकडे पाठ करून उभी होती आणि पातेल्यातला थंड भात हाताने खात होती. भराभरा, काही न लावता. मला बघून तिने हात पदराला पुसला आणि म्हणाली की मांजर बघत होते, कुठं गेलं.

मी तिला ऑपरेशनची फाइल मागितली. ती लोखंडी कपाटातून तिनं काढून दिली. शेवटच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढले. मी तिला विचारलं, हे तुला सांगितलं होतं का. ती म्हणाली, पिशवी काढली ना. मी म्हटलं, पिशवीबरोबर अजून दोन गोष्टी काढल्या. तिने तो कागद उलटापालटा करून बघितला. भावजींना विचारलं तर ते म्हणाले की सही करताना कुणी वाचतं का. त्यांनाही ठाऊक नव्हतं. दवाखान्यात जाऊन विचारलं तर तिथल्या नवीन डॉक्टरांनी सांगितलं की जुने डॉक्टर आता इथं बसत नाहीत. कदाचित काढायचं कारण होतं, असेलही. ते सांगणारं कुणी राहिलं नव्हतं.

मग मी मावशींना समजवायला बसले. त्यांना मी आमच्या खोलीतल्या माद्यांचं सगळं सांगितलं. ती हावरी नाही, तिचं आतलं थांबायचं सांगणारंच काढून टाकलंय, असं सांगितलं. त्या कांदे निवडत ऐकत होत्या.

“उंदराचं नि बाईचं एक हाय का?” त्या म्हणाल्या.

तेच मॅडमनीही मला सांगितलं होतं, फक्त हळू आवाजात. मी मॅडमना ताईचं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला होता. म्हणाल्या, आपल्या माद्यांवरून तुमच्या बहिणीबद्दल मी काही ठाम सांगू शकत नाही. बाईचं वजन वाढायला पन्नास कारणं असतात. पण इतक्या लवकर अंडाशय गेलेत तर चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या आणि हे विचारा. त्यांनी कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. हार्मोनच्या गोळ्या देता येतील का, हाडं तपासायची का, साखर बघायची का.

मी ताईला पनवेलला नेलं. डॉक्टर बाई होत्या आणि त्यांनी वेळ दिला. ताईला सगळं विचारलं. म्हणाल्या, एवढ्या तरुणपणी अंडाशय काढले की आम्ही बहुतेक वेळा गोळ्या देतो, तेव्हाच सुरू करायला हव्या होत्या. माझ्या जिवात जीव आला. त्यांनी लिहायला पेन उचललं आणि विचारलं, घरात कुणाला कॅन्सर? मी म्हटलं, आईला. कसला? मी सांगितलं. वय किती होतं? तेही सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या की आईला छातीचा कॅन्सर असेल तर या गोळ्यांनी मुलीचा धोका वाढू शकतो, मग मी लगेच देणार नाही. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, काही तपासण्या करा, मग तिथले ठरवतील. तोवर रक्ताचे रिपोर्ट बघू. दोन दिवसांनी रिपोर्ट आले. साखर काठावर होती. त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं, आणि खाली मराठीत ठळक लिहिलं, भात-भाकरी कमी, रोज चालणं, वजन उतरवणे.

ते कागद मावशींनी माझ्या हातातून घेतले आणि डोळ्यांजवळ धरून वाचले. जिंकल्याचा काही भाव त्यांच्या तोंडावर नव्हता. पण त्या दिवसापासून ताईच्या दीड भाकरीची एक झाली, आणि आता ते डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. ते मीच आणून दिलं होतं. मुंबईला जायचं मी दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा ताई नको म्हणाली. “आता बास,” एवढंच बोलली. “परत कोण काय काढंल.”

तिकडे आमचा प्रयोग चालू होता. काही आठवड्यांनी एक वेगळीच गोष्ट झाली. अंडाशय काढलेल्या माद्यांचं वाढणं हळूहळू थांबलं. वजन एका जागी येऊन टेकलं आणि खाणं पहिल्याच्या जवळपास उतरलं. अंग मात्र जड ते जडच राहिलं. मला इतका आनंद झाला की मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन ताईला फोन लावला. म्हटलं, ऐक, हे कायमचं नसतं. काही दिवसांनी भूक परत जागेवर येते, आमच्याकडे आली.

 फोनमध्ये ताईच्या मागून कुणीतरी पाणी मागत होतं.

“मग आता सोडतात का त्यांना?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग?”

मी म्हटलं की प्रयोग संपला. गिऱ्हाईक आलंय म्हणून तिने फोन ठेवला.  त्याच आठवड्यात आम्ही त्या सगळ्यांना झोपवलं, नियमाप्रमाणे, त्रास न होता. एकेकीला बाहेर काढून देणं माझ्याकडे होतं. तोवरच्या वर्षांत मी हे किती वेळा केलं असेल, सवय झाली आहे असं मी समजत होते. त्या दिवशी खोली धुऊन झाल्यावरही मी रिकाम्या पिंजऱ्यांजवळ बसून राहिले, आणि मॅडमनी मला उठवलं नाही.

ताईची भूक जागेवर आली का, मला सांगता येत नाही. तिने मला सांगणंच सोडलं. विचारलं की म्हणते, बरी हाय. मी गेले की ती माझ्यासमोर एक भाकरी खाते आणि ताट उचलते. भात लावणीच्या वेळी तिला वाकायला जमेना, गुडघे दुखायचे, म्हणून मावशी स्वतः चिखलात उतरल्या. सत्तरीच्या बाई. मीही मदतीला गेले होते; दुपारी बांधावर बसल्यावर त्यांनी मला एकटीला सांगितलं, ताई घरी होती.

“माजी पाळी बंद झाली तवा मलापन अशीच भूक लागायची. रातच्याला उठून गूळ खायची मी. कुनाला सांगनार?”

मी म्हटलं, मग मावशी, तुम्हाला कळतं ना तिचं. त्या म्हणाल्या, कळतं. आणि संध्याकाळी त्यांनी ताईच्या ताटात एकच भाकरी ठेवली.

या दिवाळीत मी ताईला चार दिवस माझ्याकडे दहिवलीला आणलं. आई नाही, बाबाही आता नाहीत, म्हणून माझं घर हेच तिचं माहेर. मी ठरवलं होतं की इथं तिला कुणी अडवायचं नाही. करंज्या केल्या, वडे केले, वाल सोलून बिरडं केलं, तिला आवडतं ते सगळं. पहिल्या दुपारी पातेलं तिच्या शेजारीच ठेवलं आणि म्हटलं, तुझ्या हाताने घे. आणि समोर बसले.

तिने भात घेतला. बिरडं घेतलं. दोन घास खाल्ले आणि थांबली. मग परत थोडा भात घेतला.  मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

तिने हात ताटातच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

“तू माज्याकडं बघू नको गं,” ती म्हणाली. “तू बघतेस तेव्हा मोजतेस.”

मी नाही म्हणणार होते. पण मी खरंच मोजत होते. दुसऱ्यांदा घेतलेला भात पहिल्यापेक्षा किती कमी होता, पाणी तिने किती घेतलं, हे मला न बघता ठाऊक होतं. त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी आकड्यात सांगितलं असतं.  मी उठले, मोरीकडे तोंड करून भांडी घासायला लागले. मागून पातेल्यातल्या चमच्याचा आवाज येत होता, मग आला नाही. वळून बघायचं नाही एवढं मी पाळलं.

चार दिवसांसाठी आलेली ताई दुसऱ्या दिवशी निघाली. दिवाळीत हायवेला गर्दी असते, मावशींना एकटीला जमणार नाही, असं म्हणाली. ते खरंही होतं. मी तिला स्कूटरवर चौकपर्यंत सोडलं. वाटेत ती माझ्या खांद्याला धरून बसली होती आणि करंज्यांचा डबा तिने दोघींच्या मधे ठेवला होता. खानावळीपुढं चार गाड्या उभ्या होत्या. ती उतरली, डबा मावशींच्या हातात दिला, पदर खोचला आणि परातीपुढं बसून पीठ मळायला लागली. मावशींनी मला चहा विचारला. मी घेतला. बाकावर बसून तो पीत असताना ताईने चार भाकऱ्या थापल्या, आणि एकदाही वर पाहिलं नाही.